ताणा मावेल अशी गल्ली

चंद्रकला : शाळेत ठेवून घेतलं म्हणजे काय? अडुसष्ट वर्षांच्या माणसाले कोणती शाळा ठेवून घेते?

श्रावण : रिक्षावाल्या नत्थूनं एवढंच सांगितलं. भैयाजी शाळेत गेले, बाहेर आले नाही, मी रिक्षा परत आणली. आणि हात धुवून जेवायले बसला.

चंद्रकला : काहून गेले ते विचारलं नाही तुम्ही?

श्रावण : विचारलं. म्हणे, मोठ्या बाईनं नेलं. काहून नेलं विचारलं, तं म्हणे दोनशे पोरी उभ्या होत्या, मी मंधात कसा बोलू.

चंद्रकला : आणि ताणा?

श्रावण : ताणाही शाळेतच आहे.

चंद्रकला : म्हणजे प्रताप नगरातही मांडला त्याईनं. भर रस्त्यावर.

श्रावण : सकाळी सहाले. तुले काय वाटलं, सुताचं एवढं मोठं गाठोडं रिक्षात घालून ते हवा खायले चालले होते?

चंद्रकला : मले वाटलं, हे घर तरी चार लोकांसारखं पाहतीन. दुसरी माणसं भिंत ठोकून पाहतात, विहिरीत वाकून पाहतात. तुमचे बाबा घराकडं पाठ करतात, समोरच्या रस्त्यावर चाळीस हात सूत ताणतात, त्याले खळ लावतात आणि दगडावर बसून राहतात. घरात पाय तरी ठेवला काय आजवर एखाद्या?

श्रावण : त्यांचं म्हणणं सरळ आहे. ज्या गल्लीत सकाळचा ताणा मांडता येत नाही, ती गल्ली लेकराबाळांच्या कामाची नाही. आपल्या गल्लीत पन्नास वर्षं मांडला. पोट्टे खालून वाकून गेले, बकऱ्या बाजूनं गेल्या. एकदा वरात आली, तं नवरदेव घोड्यावरून उतरला आणि खालून वाकून गेला.

चंद्रकला : त्या नवरदेवाचं पुढं काय झालं तेही सांगा.

श्रावण : सुखी आहे. वाकायची सवय लागली.

चंद्रकला : हसू नका. माग दिवाळीपासून बंद आहे आपला. विणायचं काही नाही, आणि ताणा घेऊन गावभर फिरून राहिले.

श्रावण : एकच ताणा आहे तो. आज पाचव्यांदा खळ लावली. आता तो उभा ठेवला तं भिंतीले न टेकता उभा राहते.

चंद्रकला : वाडीच्या घराले काय धाड भरली होती? पक्कं होतं. शाळा होती.

श्रावण : वाडीले सव्वासहाले पहिला ट्रक आला. भैयाजी हलले नाही. ड्रायव्हर भला माणूस. खाली उतरला, दोन बांबू मागितले, ताणा वर उचलून धरला आणि क्लिनरले ट्रक खालून काढायले सांगितला. मागच्यानं तेच केलं. अकरा ट्रक गेले असे. बाराव्यात कापूस होता, पार वरपर्यंत.

चंद्रकला : मंग?

श्रावण : तो ताणा घेऊन अमरावतीकडं गेला. भैयाजी मागून रिक्षात. दोन मैलांवर सापडला चहा पिताना. भैयाजीनं वाडी नापास केली.

चंद्रकला : आणि कळमन्याचं घर?

श्रावण : तिथं ट्रक नव्हते. बैल होते. बाजाराच्या गाड्या. खळ तांदळाची असते, हे बैलांना आपल्याआधी समजते. एक बैल चौदा हात चाटून गेला. भैयाजी म्हणे, बैलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्यानं एकाच बाजूनं चाटलं.

चंद्रकला : तुम्हाले सारं गमतीचं वाटते. दोन वर्षं झाली असे घरं पाहून. तेव्हा पोरगी तिसरीत होती. आता चौथी पास होऊन घरी बसली आहे. गल्लीतली शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा बाजार ओलांडून दोन मैल. या गल्लीतल्या कोणाची पोरगी पाचवीत टिकली, एक नाव सांगा.

श्रावण : जिजाबाईची.

चंद्रकला : जिजाबाईची दिवाळीपर्यंत गेली. एक दिवस बाजारात सांड मागं लागला, घरी बसवली, आणि बसलीच आहे तं चाकावर सुताच्या कांड्या भर म्हणाले. मलेही असंच बसवलं होतं. माह्यासाठी सांडही लागला नाही.

श्रावण : मी आहे ना. मी नाही बसवणार.

चंद्रकला : आजची सुट्टी सोडली तं तुम्ही दहा ते सहा तार ऑफिसात. काल मी शेजारच्या मैनाबाईकडं गेली, अर्ध्या घंट्यानं परत आली, तं प्रेमिला चाकावर बसून कांड्या भरून राहिली होती. कोणी सांगितलं नव्हतं तिले. रिकामी बसली होती म्हणून. दोन्ही हात असे चालत होते, माह्यासारखे. मी चाक उचलून माळ्यावर ठेवलं.

श्रावण : हे सांगितलं नाही मले.

चंद्रकला : काय सांगू? प्रताप नगरच्या घराचे मालक मनोहरराव आज सहापर्यंत थांबतो म्हणाले. नाही तं घर साडभावाले देऊन उमरेडले चालले. प्रताप नगरातली शाळा त्या वस्तीतल्या पोरी आधी घेते. घर नाही तं नाव नाही. आणि हे घर विकल्याशिवाय ते घर नाही, आणि हे घर भैयाजीच्या नावावर, आणि भैयाजी शाळेत.

श्रावण : एका तारेत बसवलं तू सारं.

चंद्रकला : तिथली मोठी बाई रोज सातले फाटकात उभी राहते म्हणतात. उशिरा आलेल्या पोरीले रागावत नाही, काहून उशीर झाला ते विचारते. उत्तर ऐकूनही घेते.

श्रावण : तुले कसं माहीत?

चंद्रकला : इंदुताई सांगत होती.

श्रावण : इंदुताई भंडाऱ्याले राहते.

चंद्रकला : ऐकलं अशीन तिनं. दाराशी पाहा कोण आलं.

श्रावण : भैयाजी. रिकाम्या हातानं. चप्पलही एकच आहे पायात.

भैयाजी : दुसरी शाळेत राहिली. सापडीन उद्या. पाणी दे वं चंद्रकले.

चंद्रकला : घ्या. गूळ घ्या आधी. जेवले काय काही?

भैयाजी : सात डबे खाल्ले. पोरी ऐकेत ना. एकीच्या डब्यात शेवयाचा उपमा होता, तो मी पहिल्यांदा खाल्ला. वाईट नसते.

श्रावण : भैयाजी, साडेपाच झाले. मनोहररावले काय सांगायचं?

भैयाजी : सुरुवातीपासून सांगतो. मंधातलाच धागा ओढला तं गुंता होते. सकाळी सहाले ताणा मांडला. मनोहररावच्या कोपऱ्यावरच्या खांबापासून पुढच्या कडुनिंबापर्यंत. ट्रक नाही, बैल नाही. एक दूधवाला आला. उतरला, सायकल आडवी केली, खालून काढली, राम राम म्हणाला आणि गेला. दूध नाही सांडलं. म्या नत्थूले म्हटलं, हे ठीक दिसून राहिलं.

श्रावण : मग?

भैयाजी : मंग एक पेन्शनर आले, आनंदराव नावाचे. तोंडात दातून. त्याईनं ताणा पाह्यला, मले पाह्यलं, नत्थूले पाह्यलं, आणि विचारलं, नाली कोणत्या बाजूनं येणार. रस्त्यावर सूत लावून दोन माणसं बसली म्हणजे सरकारी मोजणीच अशीन, असं त्याईनं धरलं. म्या म्हटलं, मले नाही माहीत बाप्पा. तं लगेच विश्वास बसला त्याईचा. घरात जाऊन खुर्ची आणली.

श्रावण : तुम्ही सांगितलं नाही की मोजणीवाले नाही म्हणून?

भैयाजी : तीनदा सांगतलं. ते म्हणे, तुम्हाले बोलायची मनाई अशीन, आम्ही समजतो. मंग चहा आला. मंग रांग लागली.

चंद्रकला : कशाची रांग?

भैयाजी : तक्रारीची. चौदा जण होते. मी खुर्चीवर, नत्थू खळीचा कुंचा घेऊन बाजूले. एकाच्या घरापाशी दिवा नाही. एकीचा शेजारी छपरावर टीव्हीची काडी लावते अन् ती हिच्या आंगणात वाकते. एक बुढा नुसता दमा सांगाले आला होता. दलालानं दोन महिन्यांत जे नाही सांगतलं ते मले अर्ध्या घंट्यात समजलं. कोणाच्या पोरीले कोणी त्रास देते काय, विचारलं म्या. तं म्हणे, मागच्या साली एक पानठेला आला होता शाळेसमोर, पोट्टे उभे राहत. साऱ्या बाया मिळून गेल्या अन् रोज सकाळी त्याच्यापासून पानच घेऊ लागल्या. पोट्ट्याईले जागाच नाही उरली. आठ दिवसांत ठेला उठला. बायाईले पानाची सवय तेवढी लागली.

श्रावण : भैयाजी, सहाला वीस मिनिटं कमी आहेत.

भैयाजी : हौ. तं नवव्या नंबरवर मनोहरराव आला.

चंद्रकला : कोण मनोहरराव? ज्यायचं घर आपण घेऊन राहिलो ते?

भैयाजी : तेच. खांद्यावर टॉवेल. मले कधी पाह्यलं नव्हतं त्यानं, श्रावणालेच ओळखते. त्यानं आपल्याच घराची तक्रार केली माह्यापाशी. सैपाकघर दोन जागी गळते. विहीर मे महिन्यात तळ दाखवते. मांगच्या भिंतीत मुंगूस राहते. म्या म्हटलं, मुंगूस तं चांगलं. तो म्हणे, हौ साहेब, म्हणून साप नाही, पण तेवढं लिहू नका.

श्रावण : गळते हे मला नाही सांगितलं त्यानं.

भैयाजी : तुले कसं सांगीन, तुले विकायचं आहे. मंग म्या विचारलं, गळते म्हणून विकून राहिला काय. तं खुर्चीपाशी खालीच बसला. म्हणे, मन नाही साहेब. भाऊ वारला, गावची वावरं पाह्याले कोणी नाही, म्हणून जा लागते. घर गळते तं गळते. पण माह्या तिन्ही पोरी या घरातून पायी शाळेत गेल्या. पहिली घंटी झाली की निघत, दुसरी व्हायच्या अंदर वर्गात. दहा वर्षांत त्याईच्या मायनं एकदाही दारात येऊन वाट नाही पाह्यली. असं म्हणाला. मंग म्या सांगतलं त्याले, मी श्रावणचा बाप.

चंद्रकला : काय म्हणाले मंग?

भैयाजी : टॉवेल या खांद्यावरून काढून त्या खांद्यावर ठेवला. मंग म्हणे, खरं तं तीन जागी गळते.

श्रावण : म्हणजे घर तीन जागी गळतं आणि विहीर आटते. एवढ्यासाठी तुम्ही शाळेत गेला?

भैयाजी : शाळेत मी गेलो नाही. शाळाच आली. सव्वासात झाले, अन् पोरी निघाल्या घराघरांतून. दोनशे. शाळा ताण्याच्या पलीकडं, पोरी अलीकडं. साऱ्या उभ्या राहिल्या. म्या मनात म्हटलं, गेला आता ताणा. बैल परवडले. तेवढ्यात मोठी बाई आली फाटकातून. प्रयागबाई नाव आहे तिचं. उंच आहे. चष्मा. म्या म्हटलं, आता ओरडते.

चंद्रकला : नाही ओरडत त्या.

भैयाजी : नाही ओरडली. ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून आली, मंग पोरीईले म्हणे, एकेक, वाकून, दफ्तर पोटाशी धरून. दीडशे पोरी गेल्या अशा, एक धागा नाही हलला. पन्नास वर्षांत आपल्या गल्लीतही असं पाह्यलं नाही म्या. मंग एका पोरीची रिबीन अडकली. एक धागा तुटला. ती तिथीच रडाले बसली.

श्रावण : बाईनं रागावलं असेल.

भैयाजी : बाईनं म्हटलं, तुटला तं जोड. म्या म्हटलं, तिले नाही येत जोडता. तं बाई मलेच म्हणे, मंग शिकवा ना तिले, उभे काय आहात. म्या शिकवली गाठ. पोरीनं मारली. चांगली मारली. तं मांगून दुसरीनं एक धागा मुद्दाम तोडला.

चंद्रकला : काहून?

भैयाजी : तिलेही शिकायची होती. मंग तिसरीनं तोडला. मंग ज्या पलीकडं गेल्या होत्या त्या परत आल्या. दोनशे पोरी आहेत वं. आठ वाजेलोक तो ताणा राहिलाच नव्हता. नुसत्या गाठी होत्या, मंधामंधात थोडं सूत.

श्रावण : म्हणजे प्रताप नगर नापास.

भैयाजी : पूर्ण. वाडी बरी म्हणा लागीन.

चंद्रकला : भैयाजी, असं नका म्हणू. सूत गेलं तं सूत आणू दुसरं. मी आणते. पोरीचं एक वर्ष गेलं ना, तं ते नाही येत परत. मले माहीत आहे कसं होते ते. सुरुवातीले म्हणतात एक वर्ष थांब.

भैयाजी : अवं, सांगून तं होऊ दे. बाईले वाईट वाटलं. म्हणे, तुमचं नुकसान झालं, चहा घ्या. अन् आमच्याकडं एक माग आहे, तोही पाहून घ्या.

श्रावण : शाळेत माग?

भैयाजी : हस्तव्यवसायाचा. सहा वर्षांआधी सरकारकडून आला. पेटीत सुटा आला. त्यासोबत कागद आला होता, तो उंदरानं खाल्ला. मंग गणिताच्या मास्तरानं अन् चपराशानं मिळून तो जोडला. श्रावण, म्या तो माग पाह्यला अन् मले खाली बसा लागलं.

श्रावण : चुकीचा जोडला होता?

भैयाजी : पुढचं मांग, मांगचं पुढं. विणणाऱ्याचं तोंड भिंतीकडं. पाय मारायच्या पावड्या छताकडं ठोकल्या होत्या, अन् त्यावर पृथ्वीचा गोल ठेवला होता. फणीत पोरीईच्या रिबिनी वाळत घातल्या होत्या. आडवं सूत नेणारा धोटा बाईच्या टेबलावर होता, कागद उडू नये म्हणून. सहा वर्षं. सहा वर्षं तो माग तसा उभा आहे. बाई म्हणे, गॅदरिंगले कामी येते. दरसाल नाटकात त्याचा तुरुंग होते. मागच्या साली दोन राजे होते त्यात.

श्रावण : मग तुम्ही काय केलं?

भैयाजी : काय करू? म्या सदरा काढला. चपराशी, मी अन् तो गणिताचा मास्तर. मास्तर समजदार आहे. म्हणे, मले जोडतानाच शंका आली होती, सात खिळे उरले होते. साडेतीन वाजले माग सरळ व्हायले. मंग त्यावर तोच ताणा चढवला. गाठीचा. विणला तं खरजेसारखं कापड येईन, पण पोरी म्हणतात आमचाच ताणा पाहिजे. बाई म्हणे, शनिवारी दोन तास येत जा. म्या म्हटलं, शनिवारानं काही नाही होत. त्या फणीचे दात वाकले आहेत, दोरे सुटले आहेत, अन् ज्या शाळेत सात खिळे उरतात तिथं रोज कोणीतरी जा लागते. असा माग पाहून माणसाले इथं आपल्या गोळीबार चौकात येऊन झोप कशी लागीन?

श्रावण : म्हणजे? एका वाक्यात सांगा भैयाजी. घर घ्यायचं की नाही?

भैयाजी : तू तार करत नको राहू मले. अजून एक गोष्ट राहिली. निघताना बाईनं विचारलं, घरी कोण कोण आहे. म्या सांगतलं, मुलगा, सून, एक नात, प्रेमिला, चौथी पास. बाई थांबली. तिनं कपाट उघडून रजिस्टर काढलं. म्हणे, या नावाची पोरगी तं आमच्याकडं मंगळवारीच दाखल झाली, पाचवी ब. येतच नाही अजून. म्या म्हटलं, दुसरी अशीन. तिनं वाचून दाखवलं. प्रेमिला श्रावण. बाप तार ऑफिसात. पत्ता, प्रताप नगर, खांबापासचं कौलारू घर.

श्रावण : मंगळवारी कोणी नाव घातलं? मी तर गेलोच नाही.

(चंद्रकला तांब्या उचलते आणि तिथेच पुन्हा ठेवते.)

चंद्रकला : म्या घातलं.

श्रावण : मंगळवारी तू इंदुताईकडं गेली होती.

चंद्रकला : नाही गेली. बसनं बर्डीले गेली, तिथून पायी. रस्ता विचारत. बाईनं पत्ता विचारला तं म्हटलं, प्रताप नगर. खोटं लिहिलं म्या. घर आपलं नव्हतं, विचारलंही नव्हतं कोणाले. तुम्हाले जे बोलायचं ते बोला भैयाजी, मी ऐकते. पण पोरीचं नाव काढू नका तिथून.

भैयाजी : म्या बाईले म्हटलं, पत्ता चुकीचा असला तं काय करतात. ती म्हणे, सरकारी रजिस्टर आहे, खाडाखोड चालत नाही. म्या म्हटलं, मंग तं घर घ्याच लागते.

श्रावण : काय?

भैयाजी : आता दुसरा इलाज काय आहे? रजिस्टर बदलत नाही म्हणते. घर बदलता येते.

श्रावण : मी सायकल काढतो. दहा मिनिटं आहेत, मनोहरराव...

भैयाजी : बस खाली. परत येताना त्याच्या ओसरीवर बसलो होतो. सौद्याची सुपारी फुटली. आनंदराव साक्षीले होते. ते अजून मले साहेबच म्हणतात. मनोहररावनं साडभावाले मना करायले माणूस पाठवला माह्यासमोर. पाऊस जोर धरायच्या आधी कौलं तो फेरून देते, तिन्ही जागची. मुंगूस तिथंच राहते.

चंद्रकला : खरं सांगून राहिले ना भैयाजी?

भैयाजी : सुपारीवर कोण खोटं बोलते वं. घरात पाय ठेवला आज म्या. दोन खोल्या, अन् सैपाकघर. उजेड आहे.

श्रावण : आणि आपला माग? इथला?

भैयाजी : त्याचं लाकूड नेऊ. खड्डा काही नेता येत नाही. बुजवजो तू एखाद्या रविवारी. पन्नास वर्षं त्यात पाय सोडून बसलो, आज त्या शाळेत फळीवर बसून पाहिलं तं पाय टेकेत ना कुठी. होईन सवय.

श्रावण : मी उद्या ऑफिसात सुट्टीचा अर्ज देतो. विक्रीचे कागद, दाखला, सगळं.

भैयाजी : दे. नत्थूले सांग, रिक्षा लागीन. तो म्हणीन सूत आहे काय सोबत. नाही म्हणजो, बिचारा खूश होईन. अन् चंद्रकले, बस इथी. उभी काहून आहे?

चंद्रकला : तुम्ही रागावले नाही माह्यावर.

भैयाजी : म्या बाईले म्हटलं, सही दाखवा कोणाची आहे ते. तिनं बोट ठेवलं. मी वाचू नाही शकत, पण पाहून समजते. सरळ ओळ होती. सुरुवातीपासून शेवटलोक एका ताणात, कुठी हात थांबला नाही. चौथीच शिकली ना तू?

चंद्रकला : चौथी पास. वर्गात दुसरी आली होती.

भैयाजी : तुले पाह्याले आलो होतो मी उमरेडले, तेव्हा तुह्या बापाले एकच विचारलं होतं म्या. पोरगी दिवसाच्या कांड्या किती भरते. वर्ग नव्हता विचारला.

चंद्रकला : चाळीस सांगितल्या होत्या बाबानं.

भैयाजी : हौ. चाळीस.

चंद्रकला : भरत बावन्न होती. म्याच सांगितलं होतं बाबाले, कमी सांगा. नाही तं तिथं गेल्यावर बावन्न भरा लागतीन.

श्रावण : हे मले चौदा वर्षांत नाही सांगितलं.

चंद्रकला : तुम्ही विचारलं नाही.

भैयाजी : बरं केलं. बावन्न भरवल्या असत्या म्या. प्रेमिला कुठी आहे?

चंद्रकला : मैनाबाईच्या ओट्यावर खेळून राहिली. बोलावू काय?

भैयाजी : खेळू दे. सोमवारपासून तिले साडेसातले वर्गात बसा लागते. घर मिळेलोक सकाळची तिले आमच्या इथी उतरवत जा म्हणतात आनंदराव, मी हो सांगून आलो. बाई म्हणे, पहिल्या दिवशी पोरीसंग घरचं कोणीतरी वर्गापर्यंत या लागते. अंदर बसून घेतलं तरी चालते म्हणे घंटाभर.

चंद्रकला : तुम्ही जा भैयाजी. तुम्हाले ओळखतात आता तिथं.

भैयाजी : तू जाय. मले तं रोजच जायचं आहे.